उभ्या रेघेतला फुगवटा

रतन वाघचौरे हे नाव घाटकोपरच्या असल्फ्यात विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. रतन पेंटर म्हटलं की रिक्षावालासुद्धा थेट इमारतीखाली आणून सोडायचा. घाटकोपरपासून साकीनाक्यापर्यंत, पुढे अंधेरी, दुसऱ्या टोकाला मुलुंड, एवढ्या पट्ट्यातल्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या. पिठाच्या गिरण्या, सायकलची दुकानं, लेडीज टेलर, स्प्रिंगा बनवणारे गाळे, एखाददुसरं लॉज. फ्लेक्स आला तसं काम आटलं. मग हातही गेला. आता ते सातव्या मजल्यावरच्या, झोपडीच्या बदल्यात मिळालेल्या एसआरएच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि थरथरणारा उजवा हात डाव्या हाताखाली दाबून ठेवायचे. कंपवात आहे, असं डॉक्टरांनी सांगून बरीच वर्षं झाली होती.

सुंदराबाई त्यांना अर्धाच कप चहा देत. भरलेला कप सांडतो, आणि एकदा सांडला की रतन पेंटर पिणंच सोडून देत. अर्धा संपला की सुंदराबाई पुन्हा अर्धा ओतत. त्याबद्दल नवराबायको कधी बोलले नव्हते.

त्यांची मुलगी तेजल वांद्र्याला एका डिझाइन स्टुडिओत कामाला होती. ती फॉण्ट बनवायची. जुन्या पाट्यांवरची, जुन्या पुड्यांवरची अक्षरं हेरायची आणि त्यांच्या वळणावरून कॉम्प्युटरवर अख्खी बाराखडी उभी करायची. लोकांना आता तसलंच अक्षर हवं असतं. चकचकीत मॉलमध्ये नवं दुकान उघडतात आणि पाटी मात्र आजोबांच्या काळातली दिसली पाहिजे म्हणतात. तेजल म्हणायची, "पप्पांचं काम बंद पडलं ते ह्याच लोकांनी फ्लेक्स लावले म्हणून, आणि आता हेच मला पैसे देऊन तसलंच अक्षर मागतायत. वेडे आहेत यार."

तिने बापाच्या अक्षरावरून फॉण्ट करायला घेतला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरायची. टिकलेल्या पाट्या फार नव्हत्या. दुकानं बदलतात, मालक बदलतात, पत्रा गंजतो. ज्या सापडल्या त्या सगळ्या रतन पेंटरांच्या शेवटच्या काही वर्षांतल्या होत्या. त्यातली सगळ्यांत मोठी आणि चांगली पाटी त्यांच्याच इमारतीखाली होती, आवारातल्या मैत्री बुद्ध विहाराची. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं. फॉण्टचा बराचसा भाग तिच्यावरूनच झाला. घरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तेजल दोन वर्षं त्यावर बसली. फॉण्टला नाव दिलं, 'रतन'.

वांद्र्याला एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. भिंतीवर माणसाएवढा 'क' लावला होता. रतन पेंटरांना पहिल्या रांगेत बसवलं. सुंदराबाई जांभळ्या काठाची साडी नेसून शेजारी बसल्या. त्यांच्या हातात कागदाची बशी होती, ती कुठे ठेवायची ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. स्टुडिओतला मोठा डिझायनर शौनक बोलायला उभा राहिला.

"ह्या अक्षराची सगळ्यांत मोठी ओळख कुठली, तर ही उभी रेघ," त्याने 'क'च्या रेघेवरून हात फिरवला. "वरून खाली येताना बरोबर कमरेत तिला हा हलका फुगवटा आहे. मी इतक्या पेंटरांची कामं बघितली, हा कुठेच नाही. फक्त रतनकाकांकडे."

टाळ्या पडल्या. शौनक वाकून म्हणाला, "काका, ही आयडिया कशी सुचली तुम्हाला?"

रतन पेंटर त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांनी डाव्या हाताने उजवा आणखी घट्ट दाबला. "सुचली," ते म्हणाले. "अशीच."

लोकांना ते उत्तर फार आवडलं. पुन्हा टाळ्या पडल्या.

टॅक्सीत तेजल आनंदात होती. "पप्पा, किती कमी बोललात! लोक तुमच्यासाठी आले होते."

"मी पेंटर आहे गं. पुढारी नाही."

"पण आवडलं ना?"

"वाचता येतं लांबून," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं होतं. कुणी पाटीचं कौतुक केलं की ते एवढंच म्हणत. त्यामुळे तेजलला काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. खिडकीकडे पाठ, तोंड भिंतीकडे. सुंदराबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन समोर बसताना विचारलं, "खुर्ची का फिरवलीत?"

"ऊन येतं."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

त्या खिडकीतून खाली विहाराची पाटी दिसते. सुंदराबाईंनी पोहे चमच्याने भरवायला घेतले.

त्या फुगवट्याचं मूळ जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

रतन पेंटरांना एकाच गोष्टीचा ताठा होता. ब्रश रंगात भिजवून त्याची कड निपटायची, श्वास धरायचा आणि शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत उभी रेघ एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या पाटीवर जोड दिसला की ते मान फिरवत. पुढे तेजल कॉलेजात असताना सुंदराबाईंना त्यांच्या शर्टाच्या बाहीवर रंगाचे डाग दिसायला लागले. तोपर्यंत हा माणूस पांढरा शर्ट घालून कामाला जायचा आणि पांढराच घेऊन परत यायचा. रॉकेलने बाही चोळता चोळता त्यांनी विचारलं, तर म्हणाले, ब्रश खराब आला.

एकदा सुंदराबाई साकीनाक्याच्या गाळ्यातून पॅकिंगचं काम लवकर संपवून निघाल्या आणि डबा घेऊन मरोळला त्यांच्या कामावर गेल्या. ते शिडीवर होते. त्यांना सुंदराबाई दिसल्या नाहीत. त्यांनी रेघ सुरू केली, निम्म्यात आणली आणि ब्रश उचलला. हात टेकायच्या काठीवर मनगट घट्ट दाबून धरलं. थोड्या वेळाने जिथे सोडली होती त्याच्या जरा वरून पुन्हा सुरू केली आणि खाली नेली. जोडाच्या जागी रंग दोनदा बसला, रेघ तिथे जाड झाली. मग ते मागे सरले आणि आधी लिहिलेल्या सरळ रेघांनासुद्धा, एकेकीला, तेवढ्याच जागी तेवढीच जाडी देत गेले.

खाली उतरल्यावर बायको दिसली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. डबा खाताना म्हणाले, "एकाच रेघेला आला तर चूक दिसते. सगळ्यांना दिला तर लोकांना वाटतं, ह्याची पद्धत आहे."

"डॉक्टरकडे चला."

"जाऊ. पोरीला बोलू नकोस. तिला कळलं तर शिडीवर चढू देणार नाही."

त्या बोलल्या नाहीत. पुढे आजाराला नाव मिळालं, घरात सगळ्यांना कळलं. पण फुगवट्याचं काही तेजलला सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं ते काही आहे असंही कुणाला वाटलं नाही.

आता मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला भरवून झाल्यावर सुंदराबाई स्वयंपाकघरात गेल्या. तेजल ऑफिसला जायच्या घाईत ओट्याशी उभी राहून चपाती खात होती. त्यांनी सगळं सांगितलं. तेजलने चपाती खाली ठेवली.

"तू माझ्यासमोर बसून भाजी निवडायचीस. दोन वर्षं मी तो फुगवटा काढत होते. तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

"मला वाटलं, तू काढून टाकशील. शिकलेली आहेस, चूक कळेल तुला."

"ती चूक दिसतच नाही ना! इतकी सफाईने केलीय. सगळीकडे सारखी आहे. कुणालाही पद्धतच वाटणार."

"मग तेच," सुंदराबाई म्हणाल्या. "त्यांना तेच तर हवं होतं तेव्हा."

तेजलने त्या दिवशी सुट्टी टाकली. खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "पप्पा, ती रेघ तुमची नाही?"

"माझीच आहे. आजारी असतानाची."

"मग मी बदलते. खरी कशी होती ते सांगा. फॉण्ट विकला गेलाय, एका हॉटेलवाल्याने घेतलाय, ते आता माझ्या हातात नाही. पण दुसरा करते. खरा. त्याला तुमचं नाव देते."

रतन पेंटरांनी मुलीकडे बघितलं. कार्यक्रमापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. "करशील?" त्यांनी विचारलं.

त्यांना एवढंच हवं होतं. पाट्या जाणार हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण नाव लावून राहणार असेल, तर धडधाकट हाताची रेघ राहावी.

तेजलने पुन्हा शोध घेतला. ह्या वेळी तिला जुन्यातली जुनी पाटी हवी होती. मुलुंडचं लॉज पाडून तिथे टॉवर झाला होता. साकीनाक्याच्या स्प्रिंगवाल्याने सांगितलं, "वो पुराना बोर्ड? वो तो कब का गया." अंधेरीच्या टेलरच्या मुलाकडे बापाचा दुकानासमोरचा एक फोटो होता, पण बाप नेमका पाटीसमोर उभा होता, अक्षरं त्याच्या आड गेली होती. ती दमून घरी आली आणि म्हणाली, "आई, घरात काहीच नाही का गं? त्यांनी काहीतरी लिहिलेलं?"

सुंदराबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"डबे होते," त्या म्हणाल्या.

"कसले डबे?"

"लग्न झाल्यावर मला वाचायला कमी यायचं. त्यांनी बाजारातून तेलाचे रिकामे डबे आणले, रंगवले, त्यांच्यावर लिहून दिलं. तूरडाळ, साखर, मीठ, चहा. मी त्या डब्यांवरच वाचायला शिकले."

"कुठे आहेत?"

"इकडे राहायला आलो तेव्हा भंगारवाल्याला दिले. तूच म्हणालीस, नव्या किचनमध्ये ते गंजके डबे नको."

तेजलला आठवलं. तिनेच ऑनलाइन मागवलेले पारदर्शक डबे ओट्यावर ओळीने उभे होते. आत काय आहे ते दिसत होतं, त्यामुळे त्यांच्यावर काही लिहायची गरज नव्हती.

मग उरलं तोंडाने सांगणं. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसायची. आधी तिने फुगवटा नुसता काढून टाकला.

"ही छापल्यासारखी झाली," रतन पेंटर म्हणाले. "अशी कुणाचीच नसते."

"मग वरून जाड आणि खाली बारीक करू?"

"जरा."

"एवढी?"

"नाही. कमी. आता फार कमी झाली."

"डावीकडे कलती होती का?"

"नसावी. थांब. असेल."

ते डोळे मिटून घेत. उजवा हात डाव्या हातातून सुटून हवेत वर जाई, जणू ब्रश धरलाय, आणि तिथेच थरथरत राही. तेजल त्या हाताकडे बघायची आणि पटकन स्क्रीनकडे वळायची. असं बरेच दिवस चाललं. ती रोज थोडं बदलायची, ते रोज नाही म्हणायचे, पण का नाही ते त्यांना सांगता येत नव्हतं. कधीकधी काल ज्याला नाही म्हटलं त्याला आज हो म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

"पप्पा, नीट आठवा ना!" एकदा ती ओरडली.

"मला ठाऊक नाही गं." त्यांचा आवाज इतका खाली आला की सुंदराबाई आतून बाहेर आल्या. "मी कधी रेघेकडे बघितलंच नाही. ओढली की पुढच्या अक्षराला जायचो. ती हाताला माहीत होती."

तेजलने लॅपटॉप मिटला. मग ती एकदम ताठ बसली.

"विहाराची पाटी! तुम्ही दरवर्षी जयंतीच्या आधी ती रंगवायचात. मी लहान असल्यापासून तोच पत्रा आहे. वरचा थर शेवटच्या वर्षीचा, पण त्याच्या खाली आधीचा, त्याच्या खाली त्याच्या आधीचा. रंग एकेक थर सोडवता येतो पप्पा. खाली तुमचं तरुणपणीचं अक्षर असणार!"

रतन पेंटर हसले. घरात कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले.

"खाली पत्रा आहे," ते म्हणाले. "बाकीचे पेंटर जुन्यावरच मारतात. मी दरवर्षी घासून पत्र्यापर्यंत न्यायचो, मग लिहायचो. विहाराच्या पाटीला कधी आळस केला नाही. चौदा एप्रिलला ती कोरी करकरीत असायची."

हे सांगताना त्यांची मान अभिमानाने वर झाली होती. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. हसू तोंडावरच विरलं.

मार्च संपता संपता विहार कमिटीचे सीताराम साळवे वर आले. दारातूनच "जय भीम, पेंटर!" म्हणत आत शिरले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"कमिटीत ठराव झालाय. जयंतीला विहाराला नवी पाटी. लाइटवाली. आणि अक्षर कुठलं माहितीये? तेजलने केलंय ते. रतन! अख्ख्या मुंबईत लागलंय, मग आपल्या विहाराला नको?"

"नको," रतन पेंटर म्हणाले.

"अहो, तुमचा मान आहे हा!"

"दुकानांना लागू दे. विहाराला ते अक्षर नको."

साळवेंनी सुंदराबाईंकडे बघितलं. "वहिनी, काय झालं?"

"ते आजारातलं अक्षर आहे," सुंदराबाई सरळ म्हणाल्या. आता लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

साळवे भला माणूस. त्यांना वाटलं, तोडगा सापडला. "बरं. मग मशीनचं राहू दे. आहे ती पाटीच ठेवू. तुमच्या हातची आहे. इतकी वर्षं आम्ही कुणाला हात लावू दिला नाही तिला. वर काच बसवू, म्हणजे कायमची राहील."

रतन पेंटरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. उजवा उड्या मारायला लागला, त्यांनी तो तसाच मारू दिला.

"तीही तसलीच आहे, सीताराम. पाटी वर आणून द्या."

"वर? इथे?"

"जयंतीच्या आधी पाटी घासायची असते. तेजल घासेल."

तेजल मोबाइल हातात घेऊन उभी होती. "पप्पा, मी नाही घासणार. ती शेवटची आहे. तुमच्या हातची दुसरी मोठी पाटी कुठेच उरलेली नाही."

"म्हणूनच."

"मी फोटो काढलेत म्हणून ठीक आहे असं वाटतं का तुम्हाला? फोटोत आणि पाटीत फरक असतो!"

"मला काय वाटतं ते मला सांगता येत नाही, हे तू रोज बघतेस," ते म्हणाले. "खरी रेघ देता आली असती तर दिली असती. नाही देता येत. मग खोटी तरी पुसून टाक. सगळीकडची नाही पुसता येत तुला. एवढी येते."

पाटी लिफ्टमध्ये मावली नाही. विहारातल्या पोरांनी ती जिन्याने वर आणली आणि पॅसेजमध्ये दोन स्टुलांवर आडवी ठेवली. शेजारच्या बायका दारं उघडून बघायला आल्या. रतन पेंटरांची खुर्ची उंबऱ्याशी आणली.

"काळा पॉलिश पेपर घे. पाण्यात बुडव. कोरडा फिरवलास तर पत्र्यावर ओरखडे येतील. गोल नको फिरवू, उभा फिरव. कडेपासून."

तेजल घासायला लागली. निळ्याचं पाणी झालं, पांढऱ्यात मिसळलं, तिच्या कोपरांवरून ओघळलं. तिच्या हातांना सवय नव्हती, थोड्याच वेळात बोटं सोलवटली. रतन पेंटर मध्येच म्हणायचे, "जोर नको. पेपरला काम करू दे." इथे त्यांना सगळं नेमकं सांगता येत होतं. एकदाही ते अडले नाहीत. सुंदराबाई बादलीतलं पाणी बदलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'विहार'मधलं शेवटचं अक्षर 'र' उरलं. तेजल थांबली.

"हे एक ठेवू? तुमच्या नावाचं आहे."

"नको, बाळा."

तिने तेही घासलं. पत्रा कोरा झाला. रतन पेंटरांनी डावा हात पुढे करून त्यावरून तळवा फिरवला आणि मान हलवली. साळवेही वर आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आता लिहायचं कुणी?"

"मुलुंडला दत्ताराम म्हणून एक पेंटर आहे. अजून हाताने काम करतो. त्याला बोलवा."

"चांगला आहे?"

"त्याचं अक्षर मला कधी आवडलं नाही," रतन पेंटर म्हणाले. "पण रेघ एका दमात ओढतो."

पोरं पत्रा घेऊन खाली गेली. तेजल भिंतीला टेकून पॅसेजमध्येच बसून राहिली. तिच्या नखांत निळा रंग बसला होता. सुंदराबाईंनी शेवटची बादली उचलली.

"आई, ते पाणी लगेच ओतू नकोस."

"मग ठेवून काय करू?"

सुंदराबाई थोडा वेळ बादली धरून उभ्या राहिल्या, दंड दुखायला लागला तशा आत गेल्या. मोरीत पाणी ओतलं. ते निळसर पाणी जाळीभोवती जरा फिरलं आणि खाली गेलं. मग त्यांनी वरून दोन मग साधं पाणी टाकलं आणि खराट्याने फरशी घासली, कारण इनॅमलचा डाग एकदा धरला की निघत नाही. बाहेरून खुर्ची पुन्हा खिडकीकडे सरकवल्याचा आवाज आला. त्या हात पुसत चहा टाकायला गेल्या.